आधी बेत, मग बाजार : बेळगावात नव्याने कपडे जमवणाऱ्यांसाठी

जून लागला की माझ्या दुकानात दोन गोष्टी वाढतात: दारात निथळणाऱ्या छत्र्या आणि मोबाइलमधले फोटो. खानापूर, जांबोटी, कडोली, येळ्ळूर, कुठून कुठून मुली कॉलेजला नाहीतर पहिल्या नोकरीला शहरात येतात, फोन पुढं करतात आणि म्हणतात, "काकू, असंच शिवून द्या." फोटोत सेऊलच्या नाहीतर मिलानच्या रस्त्यावर उभी असलेली कुणीतरी असते. अंगात गुडघ्याखाली जाणारा लोकरी कोट, खाली जमिनीला घासणारी पॅन्ट.

"हे घालून कुठं जाणार गे?"

"कॉलेजला की."

"कशानं?"

"बसनं."

एवढं बोलून झालं की ती स्वतःच हसते. चिखलाच्या दिवसांत तसली पॅन्ट घालून खानापूरच्या बसमध्ये चढायचं म्हणजे काय, ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. फोटो आवडला यात काही वावगं नाही. त्यातलं नेमकं काय आवडलं, हे तिनं स्वतःला विचारलेलं नसतं, घोटाळा तिथं असतो.

आम्ही कापडाला कात्री लावायच्या आधी ते बेततो. पन्ना म्हणजे कापडाची रुंदी किती, अंग कसं, कुठला तुकडा कुठून निघेल, उरेल किती, हे सगळं खडूनं आखून मगच कात्री. कपडे जमवायचं कामही याच क्रमानं केलं तर पैसे वाचतात. बेळगावातल्या वडगावात मी ड्रेस आणि ब्लाउज शिवते, शेजारच्या खोलीत धाकटा भाऊ शर्ट-पॅन्टा शिवतो. आमच्याकडे येणाऱ्या नव्या पोरापोरींना जे दर वर्षी तोंडानं सांगतो, ते इथं लिहून ठेवते.

पहिले पंधरा दिवस काही विकत घ्यायचं नाही

हे ऐकून तोंडं वाकडी होतात, पण इलाज नाही. एका रविवारी सगळे कपडे कॉटवर काढा. गेल्या महिन्यात घातलेले एकीकडे, न घातलेले दुसरीकडे. न घातलेल्यातला एकेक उचला आणि का घातला नाही ते मोठ्यानं सांगा. "मुंढ्यात काचतो." "धुतल्यावर आखडला." "याच्यावर घालायला काही नाही." "मावशीनं दिला म्हणून ठेवलाय." काचणारा आणि लांबीला जास्त असलेला कपडा शिंप्याकडे न्यायचा, शंभर-दीडशेत कामाला येतो. मावशीचा मावशीच्या मुलीला.

घातलेल्या ढिगाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्यात तुमची आवड आपोआप दिसते. माझ्याकडे एक मुलगी यायची, तोंडानं म्हणायची मला सगळे रंग आवडतात, आणि ढिगात सातपैकी पाच कुर्ते मोरपंखी. मग खाली काय घ्यायचं हा प्रश्न उरतच नाही. मोरपंखीला चालतील अशा तीन सलवारी-पॅन्टी घेतल्या की काम झालं.

माप: नंबरावर विश्वास ठेवू नका

कापडी टेप घ्या. लोखंडी नको, ती भिंतीसाठी असते. सैल न सोडता आणि न आवळता, टेपखाली दोन बोटं सरकतील इतपत धरून ही मापं घ्या: छाती, कंबर, सीट (बसतो त्या भागाचा घेर), खांद्याच्या हाडापासून हाडापर्यंत, मुंढ्याचा म्हणजे बाही जोडतात तिथला घेर, बाहीची लांबी, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उंची. पॅन्टसाठी कंबर, सीट, मांडीचा घेर आणि आतली लांबी. स्वतःचं माप स्वतः घेऊ नका. वाकून बघितलं की आकडा बदलतो. मैत्रिणीला सांगा. मोबाइलमध्ये लिहा, तारीख घाला, सहा महिन्यांनी पुन्हा घ्या.

दुसरं माप कपड्याचं. तुम्हाला सगळ्यात नीट बसणारा शर्ट किंवा कुर्ता टेबलावर सपाट पसरा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा. ऑनलाइन विकणारे मापांच्या तक्त्यात बऱ्याचदा कपड्याचं माप देतात, अंगाचं नाही. तुमच्याकडे दोन्ही आकडे असले म्हणजे फसगत होत नाही.

आता नंबरांचा घोळ. पुरुषांच्या शर्टावर 40 लिहिलं असेल तर ते बऱ्याचदा छातीचे इंच, काही कंपन्यांत गळ्याचे सेंटिमीटर. बायकांच्या युरोपियन कपड्यावर 38 असेल तर ते इंच नव्हेतच. तो साधारण ब्रिटनचा 10 आणि अमेरिकेचा 6. एम म्हटलेला कपडा एका कंपनीचा सैल होतो आणि दुसऱ्या कंपनीचा डोक्यातून खाली उतरत नाही. म्हणून "मी एम आहे" असं कधी म्हणू नका. तुम्ही छत्तीस-तीस-अडतीस आहात, एम हे त्या कपड्याचं नाव आहे.

फोटो कसा वाचायचा

फोटोची चार तुकड्यांत उकल करा: कट, कापड, रंग आणि तो माणूस उभा आहे ती हवा. चारातलं एखादंच आपल्याला खरोखर हवं असतं, आणि माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा तो कट असतो. कट शिंपी देऊ शकतो. मिलानची हवा नाही देऊ शकत.

परदेशातला कट आपल्या अंगावर येणं ही काही आजची गोष्ट नाही. तुम्ही सर्रास "ए-लाइन कुर्ती" म्हणता. ते नाव पॅरिसच्या ख्रिश्चन डिऑरच्या 1955 सालच्या कलेक्शनचं. वर अंगाबरोबर, खाली पसरत जाणारं, इंग्रजी ए अक्षरासारखं. आज वडगावातली कुठलीही शिवणारीण वहीत "ए-ला." एवढंच लिहिते आणि पुढच्या कामाला लागते. हा कट सीटला भारी असलेल्या मुलींना छान दिसतो, बसमध्ये चढता-उतरताना अडत नाही, पण कापड जास्त खातो. 44 इंची पन्ना असेल तर बाहीसकट अडीच मीटर धरा. दोन मीटरमध्ये बसवून देतो म्हणणाऱ्याकडून घेर कमी येणार हे नक्की.

फुग्याची बाही दर काही वर्षांनी नवी म्हणून येते. युरोपात 1830च्या सुमाराला आणि पुन्हा 1890च्या दशकात बायकांच्या बाह्या उशीसारख्या फुगल्या होत्या. आपल्याकडे आज्यांच्या लग्नाचे फोटो बघा, तिथंही फुगा आहेच. शिवायची असेल तर कापडात थोडा ताठपणा हवा. मऊ रेयॉनचा फुगा दुपारपर्यंत मान टाकतो. आणि पावसाळ्यात रेनकोटखाली त्याचं काय होतं ते विचारू नका.

सध्या सगळ्यांना हवा असतो तो ओव्हरसाइज शर्ट. याला दोन-तीन उगम आहेत. 1981 साली रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो या जपानी फॅशनकारांनी पॅरिसमध्ये सैल, काळे, अंगाचा आकार न दाखवणारे कपडे मांडले आणि तिथली मंडळी चक्रावली. अमेरिकेत हिप-हॉप गाणाऱ्या पोरांनी ढगळ कपडे आपलेसे केले. आणि आता कोरियन मालिका आणि गाण्यांमधून तेच गाळून-सावरून आपल्या फोनवर येतं. पण ओव्हरसाइज आणि ढगळ यांत फरक आहे, आणि तो भावाचा डबल एक्सएल शर्ट घातल्यावर कळतो. मुद्दाम तसा बेतलेल्या शर्टाची खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते, गळा मात्र तुमच्या मापाचा असतो, अर्धी बाही कोपराशी संपते. भावाच्या शर्टात गळासुद्धा लोंबतो आणि बाही कोपराखाली उतरते. दुकानात घालून बघताना फक्त गळ्याकडे बघा. गळा बसला तर शर्ट बेतलेला आहे.

एक सूचना उद्यमबागेत, म्हणजे आपल्याकडच्या कारखान्यांच्या भागात, काम लागलेल्यांना. मशीनजवळ उभं राहायचं असेल तर ढगळ बाही, मोकळी ओढणी, लोंबती नाडी यांतलं काहीही अंगावर नको. रविवारी घाला.

जीन्सबद्दल मी जरा कडक बोलते. 20 मे 1873 रोजी अमेरिकेत लेवी स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना तांब्याचे रिव्हेट मारलेल्या पॅन्टीचं पेटंट मिळालं. ती मजुरांसाठी होती, खिसे फाटू नयेत म्हणून. जाड, दणकट, रोज न धुता चालणारी. डेनिमचं वजन औंसात मोजतात. 12-14 औंसाचं कापड जड, 7-8 औंसाचं शर्टाजोगं हलकं. जुलैत खानापूरकडे जड जीन्स धुतली तर तिसऱ्या दिवशीही कंबरपट्टी दमट असते आणि कुबट वास मारते. त्यापेक्षा सध्याच्या त्या पातळ नायलॉनच्या कार्गो पॅन्टी मला पावसाळ्यासाठी शहाण्या वाटतात. मांडीवरचा मोठा खिसा ब्रिटिश सैनिकांच्या 1938च्या युनिफॉर्ममधून आलेला. आता त्यात मोबाइल आणि प्लास्टिकची पिशवी राहते. भिजली तरी पंख्याखाली रात्रीत वाळते. माझी भाची हसते, "आत्या पॅराशूट पॅन्टच्या बाजूनं बोलूलालीय बघा."

मात्र कार्गो घेताना लष्करी छपाई टाळा. आपलं गाव छावणीचं, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच आहे, रस्त्यावर खरे जवान दिसतात. लष्कराने 2022 साली आणलेल्या ठिपक्यांच्या नव्या गणवेशाच्या नमुन्याचे हक्क लष्कराच्या नावावर नोंदवलेले आहेत. उगाच कुणाच्या नजरेत का यायचं? साधा ऑलिव्ह रंग घ्या.

रुंद पायाची पॅन्ट पुन्हा आलीय. बापाच्या काळातली बेल-बॉटमच, जरा वेगळ्या तोंडानं. लांबी ठरवताना ज्या चपलेवर घालणार तीच चप्पल घालून शिंप्याकडे जा आणि काठ जमिनीपासून इंचभर वर ठेवा. दुचाकीवर मागं बसत असाल तर दीड इंच. चाकात गेलेला पायचा शिवून द्यायचं काम माझा भाऊ महिन्याला एकदा तरी करतो.

आता रंग. परदेशी फोटोत बदामी, राखाडी, मळकट पांढरा असं सगळं दबक्या आवाजात बोलणारं असतं. सुंदर दिसतं, पण तिथल्या करड्या आभाळाखाली आणि गोऱ्या कातडीवर. आपल्या सावळ्या रंगाला बदामी थेट गळ्याशी आला की चेहरा थकलेला दिसतो. बदामी आवडत असेल तर तो खाली पॅन्टीत घ्या, गळ्याशी जांभळा, राणी, हळदी, गडद हिरवा ठेवा. खात्री करायला आरसा पुरे: दिवसाच्या उजेडात कापड हनुवटीखाली धरा, आधी चेहरा दिसतो की कापड ते बघा.

काळ्याची गोष्ट निराळी. युरोपात काळा बायकांसाठी मुख्यतः सुतकाचा रंग होता. 1926 साली कोको शनेलच्या साध्या काळ्या ड्रेसचं चित्र अमेरिकेच्या 'व्होग' मासिकात छापून आलं आणि काळा हा नटण्याचा रंग झाला. आपल्याकडे तो संक्रांतीला आधीपासून नटण्याचाच आहे. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने. म्हणून संक्रांतीला घेतलेला काळा कुर्ता फेब्रुवारीत कपाटात टाकू नका. तो ऑफिसला, लग्नाच्या रिसेप्शनला, सगळीकडे चालतो. नव्यानं आलेल्यांना एवढंच सांगते, की 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि इथल्या मराठी लोकांच्या काळ्या दिवसाच्या तारखेला, आपल्या गावात काळा कुर्ता नुसता काळा कुर्ता राहत नाही आणि लाल-पिवळा नुसता लाल-पिवळा राहत नाही. त्या दिवशी काय घालताय ते समजून घाला.

छपाईचं एकच सांगते. 'पेस्ली प्रिंट' म्हणून दुप्पट भाव सांगितला तर हसा. ती आपली कोयरी. काश्मिरी शालींवरून युरोपात गेली, स्कॉटलंडच्या पेस्ली गावात तिच्या नकला विणल्या गेल्या, गावाचं नाव चिकटलं आणि आता ती तिकडचं नाव लावून माहेरी आलीय.

हवा एकाच जिल्ह्यात दोन

बेळगाव, खानापूर, जांबोटीकडे पाऊस घाटाचा. अथणी, रायबाग, चिकोडीकडे ऊन पठाराचं. एकाच जिल्ह्यात राहून दोघींचं कपाट एक असू शकत नाही. पश्चिमेला राहत असाल तर लवकर वाळणारं आणि घोट्याच्या वर राहणारं घ्या. पूर्वेला सुती, पूर्ण बाहीचं, फिकं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटे चांगला गारठा असतो, पण अकरापर्यंत जातो. तेवढ्यासाठी जाड जाकिटात पैसे घालू नका. आत पातळ लोकरीचं बिनबाह्यांचं स्वेटर, वर सुती ओव्हरशर्ट असे दोन थर घ्या आणि दुपारी एक पिशवीत टाका. थरांवर थर घालायची ही रीत थंड देशांतली, पण आपल्या सकाळ-दुपारला फार चपखल बसते.

बाजारात

रेडीमेडसाठी खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली एका फेरीत पायी होतात. शनिवारी-रविवारी संध्याकाळी जाऊ नका, घालून बघायला आरसा मिळत नाही. साड्या आणि विणकरांचं कापड बघायचं तर शहापूर, वडगाव, खासबाग. इथं अजून माग चालतात आणि गल्लीतून जाताना त्यांची खटखट ऐकू येते. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, ते तिकडं जातात, जाऊ देत.

भाव करताना मराठी चालतंच, पण "एष्टु री?" (किती हो?) आणि "स्वल्प कम्मी माड्री" (जरा कमी करा) एवढं कन्नड आलं तर दुकानदाराच्या चेहऱ्यावरची घडी मोडते. ऐकीव नाही, रोजचं आहे.

कापड घेताना तीन गोष्टी करा. मुठीत चुरगाळून सोडा, सुरकुती किती राहते बघा. उजेडाकडे धरून आरपार किती दिसतं बघा. आणि लेबल वाचा. जीन्स-लेगिंगमध्ये दोन-तीन टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असेल तर बरं, त्यानं गुडघ्यात ताण येत नाही. 100 टक्के पॉलिएस्टर मे महिन्यात अंगाला चिकटतं. लेबलवरच्या चित्रांत पाण्याचं टोपलं आणि हात म्हणजे हातानं धुवा, त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनचा मामला. रोजच्या वापराला वर्तुळवाला कपडा घेऊच नका.

शिंप्याशी कसं बोलायचं

इथं नवखे सगळ्यात जास्त अडखळतात. फोटो फक्त समोरून असतो, पाठीमागून तो ड्रेस कसा आहे ते शिंप्यालाही दिसत नाही. मागून-पुढून दोन्ही फोटो आणा, नाहीतर मागचं काय हवं ते तोंडानं ठरवा: चेन की बटणं, गळा किती खोल. सोबत तुम्हाला नीट बसणारा एक जुना कपडा आणा. फोटोवरून कट, कपड्यावरून माप. दोन्ही मिळाल्यावर शिंपी चुकला तर तुम्ही त्याला बोलू शकता.

सुती आणि रेयॉन आधी पाण्यातून काढलंय का ते विचारा. विचाराच. मी नवी होते तेव्हा एका मुलीचा रेयॉनचा कुर्ता कोरं कापडच बेतून शिवला. फिटिंग असं बसलं की तिच्या आईनं कौतुक केलं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिनं तो धुतला आणि तो तीन इंच वर गेला. मुलाखतीला ती आईचा कुर्ता घालून गेली. नोकरी मिळाली, माझ्याकडे मात्र पुन्हा आली नाही. त्यानंतर माझ्या दुकानात बादली कायम भरलेली असते.

"माया किती सोडणार?" हेही विचारा. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. दोन्ही बाजूंना इंच-इंच माया असेल तर कपडा दोन वर्षांनी सैल करून घेता येतो. रेडीमेडमध्ये बहुधा माया नसते, कापड वाचवलेलं असतं. वयात येणाऱ्या, नव्यानं खानावळीचं जेवण सुरू झालेल्या पोरांना माया फार लागते.

आणि कच्च्या टाक्यावर एकदा घालून बघा. हात वर करा, खाली बसा, बसची दांडी धरल्यासारखं करा. उभं राहून आरशात सगळंच छान दिसतं.

एक तिकडचं, बाकी आपलं

सुरुवातीला एका वेळी एकच परदेशी गोष्ट अंगावर ठेवा. रुंद पॅन्ट असेल तर वर साधा सुती कुर्ता. ओव्हरसाइज शर्ट असेल तर खाली नेहमीची सरळ पॅन्ट आणि कानात झुबे. दोन-तीन महिन्यांत हात बसतो, मग हवे तसे मोडतोड करा.

सगळ्यात जास्त मजा तिकडच्या कटाला इकडचं कापड लावण्यात आहे, आणि आपण त्या बाबतीत श्रीमंत जागी बसलोय. खण बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा, इरकल इळकलची, कशिदा, म्हणजे कसुती भरतकाम, धारवाडकडचा. सगळं दिवसभराच्या वाटेवर. खणाचा पन्ना अरुंद असतो, तो चोळीसाठी विणलेला. त्यामुळे अख्खा ड्रेस काढायचा हट्ट धरला तर जोड फार येतात. त्याऐवजी बिनबाह्यांचं छोटं जाकीट, कॉलर, खिशाचं तोंड, शर्टाच्या बटणपट्टीची आतली बाजू यांना खण लावा. पांढऱ्या शर्टाची बाही दुमडली की आतून खण दिसतो, तेवढंच पुरे होतं.

इरकलचं अंग आणि पदर वेगळ्या ताण्याचे असतात, जोडून विणलेले, पदर लाल. जुनी इरकल कापून श्रग किंवा लांब जाकीट शिवतात, चांगलं दिसतं. पण अंग सुती आणि पदर रेशमी असेल तर दोन्ही सारखं आखडत नाही, म्हणून वेगवेगळं बेतायचं आणि आतून मऊ अस्तर द्यायचं. आणि माझी एक अट आहे. चांगली धड साडी मी कापत नाही. विरलेली, नेसण्यापलीकडे गेलेली आणा. आजीची चांगली इरकल कापायला आणलेल्या एका मुलीला मी परत पाठवलं होतं, धंदा बुडाला तरी.

कशिद्यात धागे मोजून टाका घालतात. गवंती आणि मुरगी टाका मागून-पुढून सारखाच दिसतो, गाठ नसते. डेनिम जाकिटाच्या पाठीवर तो भरायचा तर डेनिमचे धागे मोजायला डोळे जातात. मग खिशावर किंवा पट्टीवर सुती तुकडा लावून त्यावर भरा. मशीनवरचा "कसुती" प्रिंट स्वस्त मिळतो, घ्या हवं तर, फक्त हातकामाचा भाव देऊ नका.

मुलांना भाऊ सांगतो ते थोडक्यात. दोन चुण्यांची उंच कमरेची पॅन्ट परत आलीय, पोट सुटलेल्यांना ती बारीक पॅन्टपेक्षा बरी दिसते. बंद गळ्याचं नेहरू जाकीट 1960च्या दशकात पाश्चात्त्य पोरांनी डोक्यावर घेतलं होतं. तुम्ही ते जीन्सवर घातलं तर ती नक्कल कुणाची होईल, हा विचार करून भाऊ हसत बसतो. मुलाखतीला एक पांढरा, एक फिका निळा शर्ट, एक गडद राखाडी पॅन्ट, काळा पट्टा. पट्टा आणि बूट एका रंगाचे. बाकी प्रयोग पहिल्या पगारानंतर.

पायात

जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेल अगदी कोल्हापुरीसारख्या सँडल घालून चालले. सुरुवातीला नुसतं चामड्याच्या सँडल म्हटलं होतं, कोल्हापूरचं नावही नाही. आरडाओरड झाल्यावर कंपनीनं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चामडे उद्योगाच्या महामंडळांबरोबर करार झाला: 2000 जोड, किंमत साधारण 800 युरो. दोन्ही राज्यं एका करारात का, ते आपल्याला सांगायला नको. 2019 साली कोल्हापुरीला जे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. अथणी-निपाणीकडे घरोघरी हे काम चालतं. नकाशावर रेघ आहे, चपलेत नाही.

तेव्हा ती घ्यायला मिलानला जायची गरज नाही. खरी चप्पल बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या चामड्याची, चामड्याच्याच वादीनं शिवलेली, खिळे नसलेली. उलटी करून तळ बघा, वादीची शिवण दिसली पाहिजे. पहिले चार-पाच दिवस घरातच तास-तासभर घाला, चपलेच्या बाजूच्या कानांना आणि अंगठ्याला खोबरेल लावा, नाहीतर फोड येतील आणि दोष चपलेला द्याल. रुंद पायाच्या पॅन्टीवर, सुती ड्रेसवर, अगदी काळ्या साध्या फ्रॉकवरही ती शोभते. फक्त जून ते सप्टेंबर ती माळ्यावर. तेवढे दिवस रबरी सँडल, त्यात लाज कसली. चुकून भिजलीच तर उन्हात टाकू नका, कागद कोंबून सावलीत वाळवा.

पहिल्या वर्षाची खरेदी

हे सगळं वाचून बाजारात जाणार असाल तर एवढं घ्या: खाली घालायच्या तीन गोष्टी (एक गडद, एक फिकी, एक लवकर वाळणारी), वर पाच, असे की पाचही तिन्हींवर चालतील. पंधरा जोड्या होतात. वर एक थराचा कपडा, एक ओढणी किंवा स्कार्फ, चपलांचे दोन जोड. सहावा कुर्ता आवडला तर आधीच्या पाचातला कुठला काढणार ते दुकानातच ठरवा.

त्या लांब कोटवाल्या मुलीचं काय झालं ते राहिलं. फोटो उकलून बघितला तर तिला त्यातली फक्त लांबी आणि मोठी कॉलर आवडली होती. वडगावच्याच मागावरच्या सुती कापडाचं, गुडघ्यापर्यंत येणारं बिनबाह्यांचं जाकीट बेतलं, कॉलरला आतून खण लावला. ट्रायलला आली तेव्हा आरशात एकदाच बघितलं आणि म्हणाली, खिसे दोन्हीकडं ठेवा काकू. एकात फोन, एकात आधार कार्ड. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट असली तरी कंडक्टरला ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि गर्दीत पर्स उघडता येत नाही.